मोटारीतील खर्ज

मोटारगाडीतील वाद्यसंचास खर्ज कसा आणावा, हा विषय या मासिकाच्या पानांवर येण्याच्या योग्यतेचा नाही, असे पुष्कळ वाचकांस वाटेल. गेल्या दिवाळीपर्यंत आमचेही मत तसेच होते. भाऊबीजेस आम्ही रहिमतपुरास भगिनीकडे गेलो असता भाच्याने आपली नवी गाडी दाखविली आणि आम्ही आत बसतो न बसतो तोच तक्रार मांडली, "मामा, कंपनीच्या स्पीकरला बेसच नाही. हे बदलून घेतले, तर आजोबांचा आवाज पहिल्यासारखा येईल का?"

आजोबा म्हणजे आमचे तीर्थरूप. ते शाळामास्तर होते. गुरुवारी माजघरात मिरजेचा तंबोरा घेऊन भजने म्हणत. आवाज खालचा, भरदार. पदाचा शेवट करताना ते खर्जात उतरले की शेजारच्या फळीवरची भांडी किंचित किणकिणत. १९८७ साली कोणा स्नेह्याने आपले यंत्र आणून अर्ध्या तासाची एक कॅसेट भरून घेतली. तेवढीच खूण उरली आहे. भाच्याने ती मोबाइलमध्ये उतरवून घेतली होती व गाडीत लावली होती. आवाज आला तो बारीक, दूरच्या माणसासारखा. मुलाने दोष स्पीकरांस दिला. आमचा विषय इतिहास, पदार्थविज्ञान नव्हे. म्हणून आमच्या महाविद्यालयातील एका विज्ञानशिक्षकांस पुष्कळ छळून व काही ग्रंथ चाळून जे हाती लागले, ते येथे मांडीत आहो.

प्रथम खर्ज म्हणजे किती खाली, हे ठरविले पाहिजे. काळी एकच्या स्वरात लावलेल्या तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा सेकंदास सुमारे १३९ वेळा आंदोलन पावतात. खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ६९ वेळा. तबल्याच्या डग्ग्याचा घुमाराही याच मुलुखातला. केवळ तार ताणून हा स्वर मोठा होत नाही. पुष्कळ हवा हलवील असे पोट त्याला लागते. हे मिरजेच्या कारागिरांस पुस्तकावाचून ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब सितारमेकर प्रभृतींनी हा धंदा तेथे रुजविला. त्यांचे घराणे मूळचे शिकलगारांचे, हत्यारे घडविणारे. पंढरपुराकडील भोपळे पारखून आणावयाचे, वाळवावयाचे आणि पुरुषी स्वराच्या तंबोऱ्यास त्यांतला मोठा निवडावयाचा, ही त्यांची रीत. या सतारी-तंबोऱ्यांस २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. रहिमतपुराच्या स्टेशनावरून जाणारी आगगाडी थेट मिरजेस पोहोचते. आमच्या घरचा तंबोरा त्याच गाडीने, मांडीवर घेऊन, आला होता.

आता ध्वनिमुद्रणाकडे वळू. एडिसनचे यंत्र १८७७ सालचे; ग्रामोफोन कंपनीचा गाइसबर्ग कलकत्त्यास येऊन गौहरजानचे गाणे मुद्रित करून गेला तो १९०२ साली. त्या काळी वीज नव्हती असे नव्हे, परंतु मुद्रणाच्या कामी तिचा उपयोग कोणास साधला नव्हता. गायकाने कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गावयाचे, त्या हवेच्या धक्क्याने सुई हालावयाची आणि मेणावर रेघ उमटावयाची. अशा रीतीने दीडशे-पावणेदोनशे आंदोलनांखालचे व दोन हजारांवरचे स्वर तबकडीवर जवळजवळ उतरतच नसत. म्हणजे ज्या षड्जावर गवई उभा, त्याच्या खालचे सारे घर पुसलेले! तरी आपल्या आज्या-पणज्यांनी त्या तबकड्या डोळे मिटून ऐकल्या, हे कसे?

याचे उत्तर कानात आहे. कोणताही स्वर एकटा येत नाही. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट आंदोलनांचे स्वर त्याजबरोबर असतात. मूळ स्वर काढून घेतला आणि ही वरची पिलावळ ठेवली, तरी कान मूळ स्वरच ऐकतो. जर्मनीत झीबेक याने १८४१ साली हे दाखविले. त्याजवर मोठा वाद झाला. पुढे १९४० च्या सुमारास हॉलंडात स्खौटेनने त्याची पुन्हा छाननी केली. आईची हाक भिंतीपलीकडून आली तरी लेकरू ती ओळखते, तसाच हा प्रकार. परंतु ओळख पटणे निराळे आणि भांडी किणकिणणे निराळे.

१९२५ हे या इतिहासातले मोठे वर्ष. त्याच साली विजेच्या साहाय्याने मुद्रित केलेल्या तबकड्या बाजारात आल्या, आणि त्याच साली राइस व केलॉग या दोघा अमेरिकनांनी कागदी शंकूचा, चुंबकात हलणाऱ्या वेटोळ्याचा ध्वनिक्षेपक जगापुढे मांडला. आजच्या मोटारीच्या दारात जो स्पीकर असतो तो याच शंकूचा वंशज; शंभर वर्षांत मूळ कल्पना बदललेली नाही. मिरजेस राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० नंतरच्या तबकड्या या नव्या रीतीच्या आहेत, म्हणूनच त्यांतील कंठाचे तेज आज आपणांस मिळते. खाँसाहेब १९३७ साली वारले. हा शोध पंचवीस वर्षे आधी लागता, तर आणखी किती गळे त्यांच्या खर्जासह आपल्या हाती आले असते, या विचाराने आम्हांस नेहमी चुटपुट लागते.

मोटारीत रेडिओ बसविण्याचा उद्योग अमेरिकेत गॅल्व्हिन बंधूंनी १९३० साली यशस्वी केला व आपल्या यंत्रास 'मोटोरोला' हे नाव दिले. त्या यंत्राकडून बातम्या व बोलणे कळावे, एवढीच अपेक्षा होती. १९५६ साली क्रायस्लर कंपनीने गाडीत तबकडी फिरविण्याचाही घाट घातला, तो फार दिवस टिकला नाही. १९६३ साली फिलिप्सची कॅसेट आली आणि प्रवासातील गाणे प्रत्येकाच्या मर्जीचे झाले. आमच्याकडे अँबॅसिडर वा फियाट घेतली की रेडिओची जागा रिकामीच मिळे. गावचा वायरमन मागच्या काचेखालच्या फळीवर दोन स्पीकर बसवून देई आणि त्यांतून जो नाद येई त्यावर घरची मंडळी कृतार्थ होत.

खर्जाचा खरा अभ्यास मात्र घरांतल्या पेट्यांवर झाला. एडगर व्हिलचर याने १९५४ साली लहानशा हवाबंद पेटीतील हवेलाच स्प्रिंग करून खर्ज काढला. ऑस्ट्रेलियात थील याने १९६१ साली, व पुढील दशकात स्मॉल याने, अमुक शंकूस अमुक आकाराची पेटी असे गणितच बांधून दिले. तेव्हापासून भोपळा पारखण्याचे काम सूत्राने होऊ लागले. १९८३ च्या गाड्यांसाठी जनरल मोटर्सने बोस कंपनीकडून प्रत्येक गाडीच्या पोटाप्रमाणे जुळविलेले संच घेतले. हे अमर बोस म्हणजे बंगालमधून परागंदा झालेल्या एका क्रांतिकारकाचे चिरंजीव.

मग भाच्याच्या गाडीत खर्ज का नसावा? गाडी खर्जाची वैरीण नाही, उलट मैत्रीण आहे. पन्नास आंदोलनांची लहर जवळजवळ सात मीटर लांब. गाडीचे पोट तीन मीटरही नाही. अशा बंद पोटात ती लहर पसरू शकत नाही. सारी हवाच एकदम दबते व सैल होते, आणि अगदी खालचे स्वर आपोआप बळावतात. बिघडते ते दारात. दाराचा पत्रा पातळ, आतल्या बाजूस यंत्रांसाठी भोके; शंकूच्या पुढची हवा पुढे ढकलली जाते तेव्हा मागची मागे ओढली जाते, आणि भोकांतून दोन्हींची गाठ पडून खर्ज तेथेच विरतो. त्यात स्वर एक सप्तक उतरला की तेवढ्याच जोराच्या नादासाठी शंकूस चौपट हलावे लागते; दारातल्या हलक्या शंकूस तेवढी मुभा नसते. शिवाय, चाकांची घरघर नेमकी खालच्या स्वरांवरच पांघरूण घालते.

शक्तीचाही प्रश्न आहे. बॅटरी बारा व्होल्टांची, इंजिन चालू असता फार तर साडेचौदा. या दाबावर चार ओहमांच्या स्पीकरास स्वच्छ नादाची शक्ती, हिशेब कितीही उदारपणे केला तरी, २६ वॅटांपलीकडे मिळत नाही; खोक्यावर पन्नास छापलेले असते, ती जाहिरात. हे भाच्यास समजावताना आम्हांस दृष्टांत शोधण्यास गावाबाहेर जावे लागले नाही. विजापूरकरांचा सरदार रणदुल्लाखान याच्या नावाने रहिमतपुरात जी मशीद व कबर दाखवितात, तेथून जवळच हत्तीच्या मोटेचा सुमारे पन्नास फुटी बुरूज आहे. कमानींवर उभारलेली उतरण त्यास पश्चिमेकडून भिडलेली आहे. कारंजे उडवावयाचे तर पाणी आधी उंच नेले पाहिजे. विहिरीच्या पातळीवरून कारंजे उडत नाही. वेगळा अँप्लिफायर हेच करतो: बारा व्होल्ट आपल्या पोटात आधी वर चढवितो आणि मग स्पीकरास सोडतो.

यावरून कामाचा क्रम आपोआप ठरला. आधी दारांच्या आतून डांबरासारखी चिकट, जड चादर लावून पत्र्याचा थरथराट थांबविला व भोके बुजविली. एवढ्यानेच जुन्या स्पीकरांत जो फरक पडला त्याने भाचा चकित झाला. आम्हीही झालो, पण दाखविले नाही. मग बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार, तिच्या तोंडाशीच फ्यूज, आसनाखाली अँप्लिफायर, आणि डिकीत एक मध्यम हवाबंद पेटी. कंपनीचा मूळ संच आवाज वाढवू लागताच आपले स्पीकर जपण्यासाठी खर्ज हळूच कमी करीत होता. ती लबाडीही मिस्त्रीने शोधून दुरुस्त केली. मोठी पेटी घेण्याचा मोह भाच्यास होता, तो आम्ही मोडला. सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूंस मिरवणुकांपुढे छाती हादरविणाऱ्या भिंती चालतात, त्यांस लोक 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बीने १९६५ च्या सुमारास नाव मिळविले ते फितीवरची सुसू कमी करण्याच्या युक्तीने! कोणाच्या नावाचे कोठे काय होईल, सांगता येत नाही.

काम पुरे झाल्यावर एका संध्याकाळी भगिनी, भाचा व आम्ही स्टेशनच्या रस्त्याला गाडी उभी करून बसलो. प्रथम अलीकडच्या एका मैफलीचे मुद्रण लावले. तंबोऱ्याची चौथी तार गाडीत प्रथमच, पाठीस हात लावल्यासारखी, जाणवली. नंतर वडिलांची कॅसेट. पेटीतून एक जाड घुंई निघाली आणि गाडी भरून गेली. ती विजेची होती. घरच्या प्रवाहाची पन्नास आंदोलने त्या स्नेह्याच्या यंत्राने इमानाने टिपून ठेवली होती. तिच्या मागून वडिलांचा आवाज आला तो पूर्वीइतकाच बारीक. जे फितीवर उतरलेच नव्हते, ते डिकीतली पेटी कोठून आणणार?

भाच्याचा चेहरा उतरला. त्याने खर्जाची कळ फिरवून अगदी तळास नेली. घुंई गेली, पेटी मुकी झाली, दारातले स्पीकर तेवढे उरले. पद शेवटास येत होते. भगिनी डोळे मिटून बसल्या होत्या. बोटे मांडीवर ठेका धरीत होती. "खाली गेले बघ बाबा," त्या म्हणाल्या, "आता भांडी वाजतील." भाच्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही त्यास झीबेकविषयी काही सांगणार होतो, पण तेवढ्यात त्यांनी डोळे न उघडताच आवाज थोडा मोठा करावयास सांगितले.