यंत्रातली शिरगणती

शिरगणतीत घरे मोजावीत की माणसे? संगणकालाही हा पेच पडला होता. विल्यम लेफेव्हर यांनी 1984 साली युनिक्ससाठी ‘टॉप’ रचला. चालू कामांची, म्हणजे ‘प्रोसेस’ची, ही यादी, जास्त राबणारा वर. मला मास्तराला हा हजेरीपट फार आवडला! पुढे लिनक्समध्ये एकेका प्रोसेसच्या घरात अनेक ‘थ्रेड’ भावांसारखे नांदू लागले. 1996च्या ‘लिनक्सथ्रेड्स’ पद्धतीत प्रत्येक भाऊ वेगळे घर म्हणून यादीत येई आणि सामाईक कोठार, म्हणजे मेमरी, प्रत्येकाच्या नावापुढे पुरेपूर मांडलेले दिसे. दहा भाऊ, दहा कोठारे! पाहणारा घाबरेल नाही तर काय? डिसेंबर 2003मधल्या लिनक्स 2.6पासून नव्या पद्धतीत घर एकच दिसू लागले. भाऊ पाहायचे तर ‘टॉप’मध्ये मोठा ‘एच’ दाबावा. कोण राबतो, कोण ओसरीवर लोळतो, सारे उघड होते.