जठरदर्शनाची दुर्बीण

वैराग ज्या बार्शी तालुक्यांत आहे, तेथें १९८७ सालीं देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. तेव्हां पोटांत घातलेल्या दुर्बिणीस स्वच्छ दिसतें कीं नाहीं, हा प्रश्न आम्हांस दूरचा वाटत नाहीं.

प्रश्न मात्र जुना आहे. १८६८ सालीं फ्रायबुर्गच्या कुसमाउल यांनीं तलवार गिळण्याचा खेळ करणाऱ्या एका इसमाच्या घशांतून सरळ नळी जठरांत उतरविली. नळी गेली, पण दिवा अपुरा पडला व जठररसानें दृष्टि अडविली. प्रकाशाची अडचण काचतंतूंनीं दूर केली. १९५४ सालीं हॉपकिन्स व पंजाबचे नरिंदर सिंग कपानी यांनीं तंतूंच्या जुडग्यांतून प्रतिमा नेऊन दाखविली. १९५७ सालीं हिर्शोविट्झ यांनीं ती युक्ति जठरदर्शनास लाविली.

फेस व चिकट श्लेष्मा मात्र जागच्या जागींच राहिले! त्यांवरील उपाय अगदीं साधा आहे. तपासणीपूर्वीं थोड्या पाण्यांतून सिमेथिकोन पाजतात; त्यानें पृष्ठताण घटून बुडबुडे फुटतात. एन्-ॲसिटिलसिस्टीन श्लेष्मा पातळ करितें. या घोटाची योग्यता आम्ही काचतंतूंहून कमी मानीत नाहीं; कारण जठराचा आरंभींचा कर्करोग पुष्कळदां एखाद्या पुसट डागाएवढाच असतो, आणि तो फेसाखालीं सहज लपतो.