सायकलीवरील नाममुद्रा आणि तिची साक्ष : ब्रिटिश सायकलींचा पुणे-वाघोली परिसरातील इतिहास

ऐतिहासिक साधनांच्या अभ्यासात कर्त्याच्या नाममुद्रेला मानाचे स्थान आहे. नाण्यावरील टांकसाळीचे चिन्ह, तोफेवर कोरलेले ओतकाराचे नाव किंवा कागदातील जलचिन्ह उपलब्ध झाले, म्हणजे वस्तूचा काळ आणि तिचे मूलस्थान यांचा प्रश्न बहुतांशी निकालात निघाला, असे समजण्यात येते. विसाव्या शतकातील यंत्रवस्तूंना मात्र हे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही. सायकल हे याचे सर्वांत जवळचे उदाहरण होय. पुण्यातील एखाद्या जुन्या वाड्याच्या जिन्याखाली धूळ खात पडलेली सायकल बाहेर काढावी, हँडलखालच्या नळीवरील पत्रा पुसावा आणि त्यावर 'रॅले' ही अक्षरे वाचावी. एवढ्यावरून ती इंग्लंडातील नॉटिंगहॅमची की बंगालमधील आसनसोलची, हे सांगता येत नाही. घरात मात्र ती 'आजोबांची विलायती सायकल' म्हणूनच ओळखली जात असते.

या 'विलायती' शब्दाकडे प्रथम पाहिले पाहिजे. मराठीत विलायत म्हणजे इंग्लंड हा अर्थ रूढ असला, तरी विलायती हे विशेषण त्या देशापुरते कधीच मर्यादित राहिले नाही. विलायती चिंचेचे मूळ मध्य अमेरिकेत आहे. इंग्लंडच्या थंडीत ते झाड जगणारही नाही. 'विलायती' म्हणजे बाहेरून आलेले, आणि व्यापारी मालाच्या बाबतीत, टिकाऊ व महाग. तेव्हा घरातील आठवण खोटी नसते. ती गुणाविषयी बोलत असते, अभ्यासक मात्र तिच्यात स्थळ शोधू पाहतो.

ज्या उद्योगातून ही नावे आली, त्याची हकीकत थोडक्यात अशी. १८८५ मध्ये कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली याने सारख्या उंचीच्या दोन चाकांची व मागचे चाक साखळीने फिरवणारी 'रोव्हर' ही सायकल सिद्ध केली. १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेला टायर बनवला. बर्मिंगहॅमचा बीएसए हा १८६१ मध्ये स्थापन झालेला बंदुकांचा कारखाना. त्याच्या बोधचिन्हात तीन बंदुका शेवटपर्यंत टिकून राहिल्या. फ्रँक बोडेन याची रॅले कंपनी नॉटिंगहॅममधील रॅले स्ट्रीटवरून नाव घेऊन वाढली. हर्क्युलिस १९१० ची, तीही बर्मिंगहॅमचीच. ब्रूक्सची चामडी सीट १८८२ च्या एकस्वापासून ओळखली जाते, आणि मागच्या चाकाच्या तुंब्यात तीन गती सामावणारी स्टर्मी-आर्चर ही योजना विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीची आहे. मिडलंड्स भागातील मोजक्या गावांतून निघालेली ही नावे पुढे मुंबई बंदरातून महाराष्ट्रात पसरली.

जी सायकल इकडे रुजली, तिची घडण विचारात घेण्यासारखी आहे. २८ इंची चाके, दीड इंच रुंदीचे टायर, मागे कललेली लांब चौकट, तारेऐवजी सळ्यांनी ओढले जाणारे ब्रेक आणि स्प्रिंगांची रुंद सीट. पुढच्या चाकाला ३२ व मागच्याला ४० तारा, कारण भार मागे पडतो. वेगासाठी ही सायकल बनलेलीच नव्हती. खडबडीत रस्त्यावर, ओझे घेऊन, न थकता जाण्यासाठी ती बनली होती.

वाघोलीसारख्या गावाला नेमकी हीच सायकल हवी होती. छत्रपती शाहूंचे सरदार पिलाजी जाधवराव यांच्या घराण्याचे आणि तळ्याकाठच्या वाघेश्वर देवालयाचे हे गाव नगर रस्त्यावर, पुणे स्टेशनपासून सुमारे १५ किलोमीटरवर आहे. हे अंतर पायी चालणाऱ्याला तीन तासांचे, भार घेतलेल्या सायकलस्वाराला तासाभराहून थोडे अधिक. म्हणजे सकाळी दूध किंवा भाजी शहरात पोचवून दुपारच्या आत शेतावर परतता येते. शहराभोवतालच्या गावांची अर्थव्यवस्था समजून घेताना अभ्यासक रेल्वे आणि मोटार यांच्याकडे पाहतात. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या दुधाच्या किटल्यांकडे त्यांचे लक्ष जात नाही. मुख्य रस्ता सोडून केसनंद, आव्हाळवाडी किंवा बकोरीकडे वळले की मुरुमाच्या व दगडाच्या वाटा लागत. आज जाड टायरांच्या 'माउंटन बाइक'ची जाहिरात ज्या गुणांसाठी केली जाते, त्यांपैकी निम्मे गुण या जुन्या काळ्या सायकलीकडून मुकाट्याने वसूल करून घेतले जात होते.

वस्तूबरोबर नावे आली आणि मराठीने ती आपल्या व्याकरणात बसवली. इंग्रजीत या नावांना लिंग नाही. मराठीत 'त्याने नवी हर्क्युलिस घेतली', 'माझी रॅले' असा सरसकट स्त्रीलिंगी प्रयोग झाला. 'सायकल' स्त्रीलिंगी म्हणून ही नावे स्त्रीलिंगी, आणि सायकल स्त्रीलिंगी ती बहुधा 'गाडी'मुळे. 'हंबर' या नावाची तर मराठीत मौज झाली, कारण हंबरणाऱ्या गाईशी परिचय असलेल्या कानाला त्यात परके असे काहीच ऐकू येत नाही. 'पंक्चर'चे 'पंचर' झाले ते केवळ उच्चारसौकर्याने. परंतु 'पेडल'चे 'पायडल' झाले त्यात अर्थाचाही हात आहे. पायाने मारायचे ते पायडल, अशी लोकव्युत्पत्ती सहज सुचली. गंमत अशी की ही अडाणी व्युत्पत्ती मुळात बरोबर ठरते. पेडल शब्दाच्या मुळाशी असलेला लॅटिनमधील पायाचा शब्द आणि संस्कृत 'पाद', ज्यापासून 'पाय' आला, हे एकाच आदिम धातूचे वंशज आहेत. ग्रीक 'कुक्लोस'वरून आलेली 'सायकल' आणि संस्कृत 'चक्र'वरून आलेले 'चाक' यांचेही नाते असेच सख्खे आहे.

सर्वांत दूरचा प्रवास 'डनलॉप'ने केला. रबरी टायर लावलेल्या बैलगाडीलाच ग्रामीण महाराष्ट्रात डनलॉप म्हणू लागले. आयर्लंडात मुलाच्या तीनचाकीसाठी सुचलेली कल्पना ऊस वाहणाऱ्या गाडीचे नाव होऊन बसली. येथे नाममुद्रेने आपला मालकच सोडला. तो टायर कोणत्या कारखान्याचा आहे, हे कोणी विचारीत नाही.

आता बनावटीचा प्रश्न. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर मुंबईत वरळी येथे हिंद सायकल्सचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि ब्रिटिश कंपन्यांनी येथील भांडवलाशी हातमिळवणी केली. १९४९ मध्ये मद्रासजवळ अंबत्तूर येथील टी.आय. सायकल्स ही मुरुगप्पा घराणे व ब्रिटनची ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स यांच्या भागीदारीतून निघाली, आणि 'हर्क्युलिस' तेथे तयार होऊ लागली. आसनसोलला सुधीरकुमार सेन यांच्या पुढाकाराने सेन-रॅलेचा कारखाना सुरू झाला. तिकडे इंग्लंडात १९५७ मध्ये बीएसएचा सायकल विभाग रॅलेने विकत घेतला आणि १९६० मध्ये स्वतः रॅलेच ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या समूहात गेली. म्हणजे ज्या दोन नावांचे अभिमानी चौकाचौकांत एकमेकांशी हुज्जत घालीत होते, ती दोन्ही नावे एकाच तिजोरीत जाऊन पडली होती.

यावरून काही संग्राहक असे मानतात की १९५० पूर्वीची ती खरी आणि नंतरची ती नक्कल. हे मत स्वीकारता येत नाही. नॉटिंगहॅमच्या रेखाटनावरून आसनसोलच्या कामगाराने जोडलेली चौकट ही नक्कल नसून त्याच यंत्राचा दुसऱ्या देशातील जन्म होय. शिवाय अशा निवाड्याचे परिणाम प्रत्यक्ष दिसतात. पुण्यात कर्वेनगर येथे विक्रम पेंडसे यांनी २०१७ मध्ये सायकलींचे संग्रहालय सुरू केले. दुसऱ्या महायुद्धातील छत्रीधारी सैनिकांसाठी बनलेली बीएसएची घडीची सायकल तेथे पाहावयास मिळते. असा संग्रह एका व्यक्तीच्या चिकाटीतून उभा राहावा, ही पुण्याच्या भाग्याची गोष्ट आहे. परंतु सर्वसाधारण बाजारात जुन्या विलायती नावाला किंमत येते आणि दूधवाल्याची अंबत्तूरची हर्क्युलिस किलोच्या भावाने भंगारात जाते. जिने गावे शहराला जोडली ती नाहीशी होते, आणि जी दिवाणखान्यात टिकली तीच पुढे इतिहासाचे साधन म्हणून समोर येते. साधनांची ही निवड इतिहासकाराने केलेली नाही, भंगारवाल्याने केली आहे. तिचा विसर पडला तर पुण्याच्या सायकलींचा इतिहास हा पुण्यातील सुखवस्तू घरांचा इतिहास होऊन बसेल.

सायकलीवर आणखी एक मुद्रा असे, तिचा उपयोग फारसा कोणी केलेला नाही. नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि पावतीबरोबर पत्र्याचा बिल्ला देत. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानेही पंचायतींना सायकलीवर कर बसविण्याचा अधिकार दिला होता. कारखान्याची मुद्रा माल कोणाचा ते सांगते, हा बिल्ला माणूस कोठला ते सांगतो. जुन्या करनोंदी जेथे शिल्लक असतील तेथे त्या अभ्यासिल्या पाहिजेत; भंगाराबरोबर रद्दीही जात असते.

तथापि बनावटीचा निर्णय करण्यास सर्वांत विश्वसनीय साधन निराळेच आहे, आणि ते वाचता येणारा वर्ग विद्यापीठात नसून रस्त्याच्या कडेला पाना घेऊन बसलेला आहे. पायडलांचा आस ज्या आडव्या नळकांड्यात फिरतो, त्याच्या आटे पाडण्याच्या मापात ब्रिटिश कारखान्यांचे एकमत नव्हते. बीएसएच्या पद्धतीत इंचाला २४ आटे. रॅलेने आपले स्वतःचे माप, इंचाला २६, चालू ठेवले. एकाचा कप दुसऱ्यात बसत नाही. जोर करून बसवला तर आटे मरतात. रंग पुन्हा देता येतो, बिल्ला बदलता येतो, नाव तर दहा रुपयांच्या चिकटपट्टीवर मिळते; आटा बदलता येत नाही. नाण्याच्या बाबतीत जे काम वजन आणि धातू यांचा कस करतो, ते काम येथे आटा करतो.

१९६० नंतरचा बदल शब्दांतच पाहता येतो. 'दुचाकी' हा शब्द वस्तुतः सायकलीसाठीच योग्य होता. त्याआधीची 'पायगाडी' मागे पडली तरी दुचाकी टिकेल असे वाटण्यास जागा होती. पण आकुर्डीच्या स्कूटर आल्या. १९७२ मध्ये कायनेटिकची लूना आली. पायडल असलेली ही मोटारगाडी याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, नगरला तयार होत असे. पाहता पाहता 'दुचाकी' म्हणजे इंजिनाचे वाहन असा अर्थ पक्का झाला. वृत्तपत्रात आज 'दुचाकीस्वार जखमी' असे वाचणाऱ्याच्या मनात सायकल येत नाही. सायकलीने आपले मराठी नाव गमावले आणि परक्या नावावर ती राहिली. रस्ताही तसाच तिच्या हातून गेला. खाणींची खडी वाहणारे ट्रक, खराडीच्या कार्यालयांकडे जाणाऱ्या मोटारी आणि वाढती गृहसंकुले यांनी नगर रस्ता भरून गेला. २०२१ मध्ये वाघोली पुणे महानगरपालिकेत आली. शहरापासूनचे अंतर असे कागदावर शून्य झाले, तेव्हा ते सायकलने तोडण्याची हिंमत करणारे थोडेच उरले होते.

जे उरले त्यांत एक नवा वर्ग मिसळला आहे. तो पहाटे निघतो, शहराकडे न जाता उलट दिशेला, बकोरीच्या टेकडीकडे किंवा तुळापूरच्या संगमाकडे वळतो, आणि त्याच्या बोलण्यात ब्रिटिश नावे पुन्हा ऐकू येतात : १९८८ ची ऑरेंज, १९८९ मध्ये बार्नोल्ड्सविक येथे विमानांच्या इंजिनांचे काम केलेल्या अभियंत्यांनी काढलेली होप, आणि जुनी ब्रूक्स. ही नावेही मूलस्थानाची हमी देत नाहीत. ब्रूक्स २००२ पासून इटलीच्या सेले रॉयलकडे आहे. स्टर्मी-आर्चर २००० मध्ये तैवानला विकली गेली. रॅले २०१२ मध्ये डच समूहाकडे गेली. उलट लुधियानाच्या हीरो सायकल्सने २०१५ मध्ये इंग्लंडातील ॲव्होसेट स्पोर्ट्स विकत घेतली, म्हणजे काही ब्रिटिश नावांचा मालक आता पंजाबात आहे.

आटा मात्र जागचा हललेला नाही. तैवानात किंवा चीनमध्ये घडलेल्या अनेक पर्वतीय सायकलींच्या नळकांड्याला जगभरचे कारागीर आजही 'बीएसए' म्हणतात. इंचाला २४ आटे, आणि उजव्या बाजूचा कप उलट्या दिशेने फिरवून काढायचा. बर्मिंगहॅमच्या बंदुकीच्या कारखान्यात ठरलेले हे माप नगर रस्त्याच्या कडेला बसलेल्या कारागिराला त्या कारखान्याचे नाव न ऐकताही पाठ असते.