‘स्मॉग’ : एका जोडशब्दाची जन्मकथा

शब्दांचीं कुळें शोधणें हा निरुपद्रवी छंद आहे, असें पुष्कळांस वाटतें. परंतु एखाद्या शब्दाच्या कुळकथेंत हजारों माणसांच्या प्राणांचा प्रश्न गुंतलेला असतो. इंग्रजींतील ‘स्मॉग’ हा असाच शब्द होय.

‘स्मोक’ म्हणजे धूर व ‘फॉग’ म्हणजे धुकें. पहिल्याचा आरंभ व दुसऱ्याचा शेवट जुळवून हा शब्द घडला. अशा शब्दांस लुईस कॅरोल यानें १८७१ सालीं दोन कप्प्यांच्या प्रवासी पेटीची मार्मिक उपमा दिली होती. १९०५ सालीं लंडन येथील आरोग्यपरिषदेपुढें डॉ. हेन्री दे व्हो यांनीं जो निबंध वाचला, त्यानें ‘स्मॉग’ शब्दास प्रसिद्धि मिळाली. कोळशाच्या धुराविरुद्ध झटणाऱ्या मंडळाचे ते एक चालक होते; तेव्हां त्यांचा हेतु केवळ शब्दचमत्कृतीचा नव्हता, हें उघड आहे.

तोंपर्यंत लंडनवासी त्या पिवळट काळोखास नुसतें ‘धुकें’ म्हणत. धुकें निसर्गाचें; त्याचा दोष कोणाच्या माथीं मारावयाचा? धुराचें तसें नाहीं. धूर म्हटला कीं चूल आली, धुराडें आलें आणि धुराड्याचा मालकही आला. ‘स्मॉग’ शब्दानें निसर्गाच्या पदरीं घातलेलें अर्धें पाप माणसाच्या पदरीं परत टाकलें. तो शब्द नव्हे, आरोपपत्रच होतें.

परंतु आरोप ठेवला म्हणजे न्याय झाला, असें नाहीं. १९५२ च्या डिसेंबरांत, ५ पासून ९ तारखेपर्यंत, वारा पडला, थंडी वाढली व घरोघरच्या कोळशाचा धूर लंडनवर कोंडून राहिला. त्यांत सुमारें ४,००० माणसें दगावल्याचा प्रथम अंदाज होता. पुढील संशोधकांनीं तो आंकडा १२,००० पर्यंत नेला. त्यानंतर १९५६ सालीं शुद्ध हवेचा कायदा झाला. त्या निबंधापासून कायद्यापर्यंत ५१ वर्षें गेलीं!

आपल्या वृत्तपत्रांनींही धूर व धुकें यांचा असाच सांधा जुळवून ‘धुरकें’ हा सुटसुटीत शब्द रूढ केला आहे. हिंवाळ्यांत मुंबईकरांस त्याचा अर्थ कोशांत पाहावा लागत नाहीं. भाषेनें आपलें काम चोख बजावलें आहे. तिनें ठेवलेल्या नांवांतला ‘धूर’ कोणाचा, हें विचारण्याचें काम मात्र तिचें नव्हे. तें आपलें आहे.