कथा सुरू कुठून होते? चार दृश्यांपासून की रोहिणीच्या पाण्यापासून?

"आपलं दुःखच एवढं खरं आहे, त्याला तंत्र कशाला पाहिजे?" चळवळीतले चांगले कार्यकर्तेही असं विचारतात. पुलगावात दर रविवारी विहारात पोरापोरींना कथालेखन शिकवतो, तेव्हापासून मला तर हे नेहमीच ऐकावं लागतं. प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्यामागे एक समजूत आहे: कथेचं तंत्र ही सदाशिव पेठेची मालमत्ता.

ही समजूत आपोआप झालेली नाही. मराठीत कथेचं तंत्र पद्धतशीर सांगितलं ते ना. सी. फडक्यांनी. त्यांचं 'प्रतिभासाधन' 1931 सालचं. गुंतागुंत, उत्कंठा, शेवटी कलाटणी! त्याच काळात नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता. फडक्यांच्या कथाविश्वात त्या सत्याग्रहींना जागा नव्हती. पण भीमराव कर्डकांसारखे जलसाकार तेव्हाच रचनेचं वेगळं काम करत होते. त्यांनी तमाशाचा सांगाडा घेतला, देव आणि शृंगार बाजूला सारला आणि तिथे शिक्षण, पाणवठा, महारकी आणून बसवली. म्हणजे तंत्र आपल्याकडेही होतं. त्याचं पुस्तक तेव्हा कोणी लिहिलं नाही, एवढंच.

रचनेचा सगळ्यात मोठा धडा मात्र मी वर्गात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' समोर ठेवून शिकवतो. मूळ इंग्रजी ग्रंथ 1957 मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रकाशित झाला. आपण तो वंदनेनंतर वाचतो, कथा म्हणून फारसा तपासत नाही.

पारंपरिक कथा सगळ्यांना पाठ आहे. सिद्धार्थ म्हातारा पाहतो, आजारी पाहतो, प्रेत पाहतो, संन्यासी पाहतो आणि घर सोडतो. बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच विचारलं: एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर ही नेहमीची दृश्यं दिसलीच नव्हती? हा तर कथेच्या वर्गातला पहिला प्रश्न. घटनेला पटणारं कारण आहे का? धर्मानंद कोसंबींनीही या दंतकथेवर आधी शंका घेतली होती.

मग बाबासाहेब कथा कुठून सुरू करतात? रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेल्या भांडणापासून. पाली अट्ठकथांत हे भांडण आहे, पण तिथे ते तथागत मिटवतात, बुद्धत्व मिळाल्यावर. इथे ते गृहत्यागाच्या आधी येतं. एक प्रसंग जागेवरून हलला आणि साऱ्या चरित्राचा अर्थ बदलला. शाक्य संघात सेनापती युद्धाचा ठराव आणतो. सिद्धार्थ उपसूचना मांडतो की दोघे आपले, दोघे त्यांचे, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि वाद मिटवावा. मतदान होतं, सिद्धार्थ हरतो. तरी तो सैन्यात जायला नकार देतो. तेव्हा धमकी कसली येते? कुटुंबावर सामाजिक बहिष्कार आणि जमीन जप्त. हे वाचताना आमच्या वर्गातल्या मुली एकदम मान वर करतात. बहिष्कार काय असतो हे त्यांच्या आजीने सांगितलेलं असतं. कुटुंबाला शिक्षा नको म्हणून सिद्धार्थ स्वतः परिव्राजक होतो.

20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचं पाणी प्यालेल्या माणसाने ही कथा पाण्यापासून सुरू केली, याचं मला नवल वाटत नाही.

पुढचं वळण तर त्याहून भारी. वाटेतच सिद्धार्थाला बातमी कळते की शाक्य-कोलीयांत समेट झाला. घर सोडायचं कारणच संपलं! कच्चा लेखक इथे नायकाला घरी परत नेईल. इथे सिद्धार्थ थांबून विचार करतो: हे भांडण मिटलं, पण माणसामाणसांतला, वर्गावर्गांतला संघर्ष कुठे मिटला? तो घरी परतत नाही. प्रश्न मोठा झाला की कथा पुढे जाते, नायकाचं भलं झालं की ती संपते.

आजच्या पटकथेच्या शिबिरांत नेमकं उलटं शिकवतात. नायकाला काहीतरी हवं, अडथळे, विजय. आमची पोरंही तेच लिहितात: वस्तीतला पोरगा, अभ्यास, कलेक्टर, लाल दिवा, समाप्त. वस्ती तिथेच राहते. बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) याच्यासोबत ठेवून पाहा. नोकरी लागली, खोली मिळाली, दोस्त मिळाले, म्हणजे एका माणसाचं सगळं जमलं होतं. जात उघडी पडते आणि तेच दोस्त मारतात. कलाटणी इथेही आहे, पण ती गंमत म्हणून नाही. वाचकाला ती आधीपासून माहीत असते, फक्त कधी येईल याची भीती असते.

एका पोराने गोष्ट लिहून आणली. पहिलंच वाक्य बापाच्या दारूचं, शेवटी आईचं मरण. भाषा जिवंत होती. मी विचारलं, बाप आधी काय करायचा? म्हणाला, "गिरणीत होता. ती बंद पडली मग लागली सवय." ते त्याच्या सातव्या पानावर एका ओळीत होतं. दारूपासून सुरू केलं तर गुन्हेगार बाप. गिरणीच्या भोंग्यापासून सुरू केलं तर वाचक आणखी कुणाला तरी शोधायला लागतो. दुःख दोन्हीकडे तितकंच खरं, पण आरोपी कोण, हे पहिल्या पानावरच ठरतं. त्याने ती ओळ उचलून पहिल्या पानावर नेली. आता बापाला माफ करायचं की नाही, यावर वर्गात दोन तट पडलेत.