दुपारच्या चहाचे जिन्नस : एका इंग्लिश अल्पोपाहाराचा सामाजिक इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील सधन कुटुंबांत चार-पाचच्या सुमारास जो चहा दिला जाई, त्याबरोबरचे जिन्नस बहुतांशी ठरलेले असत. कडा काढलेल्या पातळ पावाचे लोणी लावलेले तुकडे, काकडीची बोटभर सँडविचे, मुरंबा घातलेल्या केकच्या पट्ट्या, स्कोन, मफिन आणि गोड बिस्किटे एवढाच हा संभार होय. यांपैकी एकही पदार्थ पोट भरण्यासाठी केलेला नव्हता. दोन घासांत संपेल, हाताला चिकटणार नाही आणि सुरी-काट्याची गरज पडणार नाही, असेच त्याचे आकारमान असे. हा नाजूकपणा केवळ अभिरुचीचा प्रश्न समजून त्याची बोळवण करण्याची प्रथा पाककलाविषयक लोकप्रिय लेखनात रूढ आहे. वस्तुतः त्यामागे जेवणाच्या वेळांतील बदल, जकातीचे कायदे, घरनोकरांचे श्रम आणि दूरदेशींच्या मळ्यांतील सक्तीची मजुरी अशी अनेक कारणे एकवटली होती. त्या कारणांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

या प्रथेच्या उगमाविषयी एक आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. बेडफर्डची सातवी डचेस अॅना मरिया (१७८३-१८५७) हिला दुपारचे अल्पभोजन व रात्रीचे जेवण यांमधील दीर्घ अंतरात ग्लानी येऊ लागली. म्हणून १८४० च्या सुमारास तिने आपल्या खोलीत चहा व पाव-लोणी मागविण्यास आरंभ केला आणि पाहुण्या स्त्रियांनी तिचे अनुकरण केले, अशी ही कथा आहे. तिला आधार मुळीच नाही असे नव्हे. फॅनी केम्बल या अभिनेत्रीने आपल्या आठवणींत १८४२ च्या मार्च महिन्यातील बेल्व्हॉर कॅसलमधील मुक्कामाचा उल्लेख केला असून, डचेस आपल्या खोलीत मोजक्या स्त्रियांसह स्वतःच्या किटलीतून चहा करीत असे, असे तीत नमूद केले आहे. तथापि या आठवणींचा ग्रंथ १८८२ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी, प्रसिद्ध झाला. तोवर पाच वाजताचा चहा ही सर्वमान्य चाल होऊन बसली होती आणि कोणत्याही रूढ चालीला एक संस्थापक लाभावा, ही समाजाची स्वाभाविक ओढ असते. डचेसच्या खोलीत चहा होत असे, एवढे या साक्षीवरून मान्य करता येते. एका स्त्रीची क्षुधा देशव्यापी प्रथेचे कारण झाली, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

खरे कारण जेवणाच्या वेळेत शोधावे लागते. अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील प्रतिष्ठित घरांत मुख्य जेवण दुपारी तीन-चारच्या सुमारास होई व त्यानंतर चहा घेतला जाई. पुढे ही वेळ क्रमाने लांबत गेली आणि १८४० च्या दशकात ती सात-साडेसातपर्यंत, क्वचित त्याच्याही पुढे जाऊन पोहोचली. उशिरा जेवणे हे प्रतिष्ठेचे लक्षण ठरले. कारण सूर्यास्तानंतर दिवे व मेणबत्त्या जाळण्याची ऐपत आणि दिवसा श्रम न करण्याची मोकळीक ज्यांना होती, त्यांनाच ते परवडत असे. मध्यान्हीचे अल्पभोजन मात्र हलकेच राहिले. अशा रीतीने दिवसाच्या मध्यभागी जी पोकळी पडली, ती भरून काढणारा उपाहार भारी असून चालणार नव्हते. अन्यथा रात्रीच्या मुख्य जेवणाची भूकच मेली असती. पदार्थ लहान असण्याचे पहिले कारण हे होय.

दुसरे कारण भेटीगाठींच्या शिष्टाचारात आढळते. दुपारचा चहा हा दिवाणखान्यातील प्रसंग होता, भोजनगृहातील नव्हे. आलेल्या स्त्रिया टोपी न उतरविता थोडा वेळ बसत. चहा यजमानीण स्वतः ओतून देई आणि पदार्थ हातोहाती फिरविले जात. त्यामुळे कापणे, सोलणे, वाढणे ही सारी कामे पाहुणे येण्यापूर्वीच आतील भागात उरकावी लागत. पाव कागदासारखा पातळ कापणे, त्याच्या कडा काढणे, काकडीच्या चकत्यांतील पाणी निथळविणे, लोणी व साखर हाताने फेसणे हे श्रम स्वयंपाकीण व मोलकरणी यांचे असत. दिवाणखान्यात दिसे तो केवळ यजमानिणीचा किटली धरलेला हात. पावाची कड काढून टाकण्यात खाण्याजोगे अन्न वगळण्याची ऐपतही सूचित होई.

सँडविच हा पदार्थ मुळात या स्त्रीप्रधान वातावरणातील नव्हता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. इतिहासकार एडवर्ड गिबन याच्या रोजनिशीत २४ नोव्हेंबर १७६२ या दिवशी हा शब्द आढळतो. तेथे लंडनच्या ‘कोको ट्री’ या क्लबात थंड मांस किंवा सँडविच खाणाऱ्या प्रतिष्ठित पुरुषांचे वर्णन आहे. सँडविचचा चौथा अर्ल जुगाराच्या टेबलावरून न उठता हा पदार्थ खाई, ही कथा ग्रॉस्ले या फ्रेंच प्रवाशाच्या वृत्तांतातून पसरली. रात्री जागणाऱ्या पुरुषांचे मांसयुक्त खाणे शतकभरात स्त्रियांच्या दिवाणखान्यात आले, तेव्हा त्यातील मांस बहुधा गळाले, पाव पातळ झाला आणि काकडीसारख्या पोषणदृष्ट्या जवळजवळ पोकळ असलेल्या फळास तेथे मानाचे स्थान मिळाले. इंग्लंडच्या थंड हवेत काकडी काचगृहात वाढवावी लागे. काचेवरील अबकारी कर १८४५ मध्ये रद्द झाल्यानंतर काचगृहे बांधणे स्वस्त झाले. तरीसुद्धा काकडी हे माळी पदरी बाळगणाऱ्या घराचे चिन्ह म्हणून बराच काळ टिकून राहिले.

केकच्या इतिहासात रसायनशास्त्राचा प्रवेश झाल्याचे दिसते. आल्फ्रेड बर्ड याने १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली. त्याच्या पत्नीस यीस्ट मानवत नसे, हे त्याचे निमित्त. हेन्री जोन्स या ब्रिस्टलच्या पाववाल्याने १८४५ मध्ये आपोआप फुगणाऱ्या पिठाचे एकस्व मिळविले. यामुळे स्कोनसारखे पदार्थ घटकाभरात होऊ लागले आणि ज्या घरात एकच मोलकरीण होती, तेथेही चहाचे ताट सजविता येऊ लागले. इझाबेला बीटन हिच्या १८६१ मधील गृहव्यवस्थेवरील ग्रंथात ‘व्हिक्टोरिया सँडविच’ची कृती आहे. चार अंडी, त्यांच्या वजनाइतकी साखर, लोणी व पीठ आणि मधोमध मुरंब्याचा थर असे तिचे प्रमाण असून, तयार केक लांब पट्ट्यांत कापून काचेच्या ताटलीत आडव्या-उभ्या थरांनी रचावा, असे सांगितले आहे. त्या कृतीत बेकिंग पावडर नाही. केक हलका होई तो हाताने फेसण्याच्या श्रमाने. पुढील काळात त्याच नावाच्या केकमध्ये बेकिंग पावडर शिरली, हा बदल घरनोकरांच्या प्रश्नाशीही जोडून पाहावा लागतो.

या साऱ्या जिनसांचा समान आधार साखर हा होता आणि येथे विवेचनाचा सर्वांत गंभीर भाग सुरू होतो. इंग्लंडमध्ये १८०० च्या सुमारास दरडोई वार्षिक साखर सुमारे १८ पौंड खपत असे. शतकाच्या अखेरीस हे प्रमाण चौपटीहून अधिक झाले. सिडने मिंट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साखरेचा हा प्रवास, श्रीमंतांची चैन ते कामकऱ्यांचे इंधन, असा दाखविला आहे. पण साखर पिकविणारे हात कोणाचे होते? वेस्ट इंडीजमधील गुलामांनी पिकविलेली साखर वर्ज्य करावी, असे आवाहन विल्यम फॉक्स याने १७९१ मध्येच एका पत्रकाद्वारे केले होते आणि अनेक कुटुंबांतील स्त्रियांनी चहाच्या टेबलावरच हा बहिष्कार पाळला. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी नष्ट करणारा कायदा १८३३ मध्ये संमत झाला. मात्र १८४६ च्या कायद्याने परदेशी साखरेवरील जादा जकात क्रमशः उतरविण्यात आली व क्यूबा आणि ब्राझील येथील, म्हणजे अद्याप गुलामांनीच पिकविलेली, साखर इंग्लंडच्या बाजारात स्वस्तात येऊ लागली. क्यूबात गुलामगिरी १८८६ पर्यंत व ब्राझीलमध्ये १८८८ पर्यंत चालू होती. दुपारच्या चहाची भरभराट नेमकी याच दशकांत झाली, ही गोष्ट डचेसच्या आख्यायिकेत कोठेही येत नाही.

या प्रकरणाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत पोहोचतो. गुलामगिरी संपल्यावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात येऊ लागले. त्यांत मुंबई इलाख्यातून गेलेले मराठी भाषक मजूरही होते व त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये मराठी समाज म्हणून ओळखले जातात. मॉरिशसची साखर इंग्लंडच्या बाजारात जात असे. दिवाणखान्यातील केकच्या पट्टीचा आणि कोकण-देशावरील कुटुंबांच्या स्थलांतराचा संबंध असा प्रत्यक्ष आहे.

साखरेवरील जकात १८७४ मध्ये पूर्णपणे रद्द झाली. गिरणी कामगाराच्या घरीही चहात साखर व पावावर मुरंबा नित्याचा झाला. त्याच्या घरी सायंकाळी सहाच्या सुमारास होणारा चहा हे वस्तुतः जेवणच असे; त्यात पाव, थंड मांस, मासे, चीज असे भरीव पदार्थ असत आणि तो जेवणाच्या उंच टेबलावर घेतला जाई. पेय एकच, पण एका वर्गास ते भूक भागविणारे व दुसऱ्यास भूक नसल्याचे दाखविणारे झाले. गोडी सर्वांना मिळू लागताच गोडीचे प्रतिष्ठामूल्य घसरले. ऑस्कर वाइल्ड याच्या १८९५ मधील ‘द इंपॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ या नाटकात याची मार्मिक साक्ष सापडते. त्यातील लंडनची तरुणी साखर व केक दोन्ही नाकारून पाव-लोणी मागते आणि तिच्यावर चिडलेली ग्रामीण यजमानीण मुद्दाम तिच्या चहात साखरेचे खडे टाकून केकचा मोठा तुकडा पुढे करते. प्रेक्षक हसत, कारण साखर नाकारण्यात आता खानदानीपणा आहे, हे त्यांना ठाऊक होते. शंभर वर्षांपूर्वी जो नकार नीतीपोटी दिला गेला, तोच आता प्रतिष्ठेपोटी दिला जाऊ लागला.

याच काळात चहाचे पदार्थ घराबाहेरही पडले. एरेटेड ब्रेड कंपनीने १८६४ मध्ये लंडनमध्ये चहागृह उघडले आणि लायन्स कंपनीचे पहिले चहागृह १८९४ मध्ये पिकॅडिली येथे सुरू झाले. मद्यगृहात एकटे जाणे ज्या स्त्रियांना अप्रशस्त वाटे, त्यांना येथे पुरुषांच्या सोबतीशिवाय बसून बन किंवा केक खाता येऊ लागला. कचेऱ्यांतून टंकलेखनादी कामे करणाऱ्या स्त्रियांच्या वाढत्या वर्गास ही सोय विशेष उपयोगी पडली. बंदिस्त दिवाणखान्याचा शिष्टाचार अशा रीतीने काही अंशी स्त्रियांच्या मोकळेपणाचे साधन झाला, हेही न्यायाने नमूद करणे आवश्यक आहे.

तोच चहा व तीच बिस्किटे दुसऱ्या समाजरचनेत गेली, तेव्हा त्यांचा अर्थ कसा पालटला, याचे उदाहरण पुण्यात मिळते. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या नागरिकांना चहा व बिस्किटे देण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रातून प्रसिद्ध केली आणि वाद शंकराचार्यांपर्यंत गेला. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक ही परस्परविरोधी मतांची माणसे एकाच आरोपाच्या कक्षेत आली. रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकांनी त्यांना दोष दिला. इंग्लंडमध्ये प्रश्न होता, पदार्थ किती लहान व किती गोड असावा. पुण्यात प्रश्न होता, तो कोणाच्या हातचा आहे. बिस्किटाच्या आकाराशी पुण्यातील वादाचा काडीमात्र संबंध नव्हता. अन्नाने समाजाच्या सीमा आखण्याची क्रिया मात्र दोन्हीकडे सारखीच होती.

यावरून अभ्यासपद्धतीविषयी एक निष्कर्ष निघतो. पाककृतींची पुस्तके पदार्थ कसा करावा हे सांगतात. तो त्याच काळी व त्याच आकारात का रूढ झाला, हे ती सांगत नाहीत. त्यासाठी काचेवरील कर, १८४६ व १८७४ चे साखरेविषयीचे निर्णय, घरनोकरांची व्यवस्था आणि मजुरांच्या जहाजांच्या नोंदी पाककृतीशेजारी ठेवून वाचाव्या लागतात. व्हिक्टोरियन चहाच्या ताटलीतील जिन्नस भूक भागविण्यास असमर्थ होते आणि हेच त्यांचे सामर्थ्य मानले गेले. ज्यांच्या श्रमांवर ती ताटली उभी होती, त्या स्वयंपाकघरातील मोलकरणीला व मळ्यातील मजुराला भुकेची अशी उपेक्षा करण्याची चैन कधीच लाभली नव्हती.