कवटीच्या गणिताचं आजोळ

संगणकाच्या पडद्यावर निळी-हिरवी-लाल झालेली डायनोसॉरची कवटी आता शाळकरी पोरांच्याही ओळखीची झाली आहे. निळं म्हणजे निवांत हाड, लाल म्हणजे ताणानं पिचलेलं. या चित्राचं कूळ विचारलंत तर जाणकार तडक विमानाकडे बोट दाखवतात. ते खोटं नाही. १९५६ साली टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी विमानाच्या पंखाचे छोटे तुकडे पाडून, एकेकाचं गणित करून ती सगळी जोडण्याची रीत छापली. तिच्यामागे बोइंगमधलं काम होतं. १९६०मध्ये क्लफनी तिचं ‘फायनाइट एलिमेंट’ असं बारसं केलं, १९७२मध्ये ती माणसाच्या मांडीच्या हाडापर्यंत पोचली आणि २००१मध्ये एमिली रेफिल्ड व सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये अ‍ॅलोसॉरसची कवटी तिच्यावर तोलून पाहिली. निकाल मजेदार निघाला. जबड्याच्या स्नायूंचा चावा जेमतेम २,००० न्यूटनांच्या आसपास, पण कवटी ५५,००० न्यूटन सोसेल अशी! मग हा प्राणी वरचा जबडा कुऱ्हाडीसारखा हाणत असणार, असा तर्क निघाला आणि त्यावर लगेच वादही झाला.

हे झालं वडिलांकडचं कूळ. मला ओढ आहे ती आजोळची, आणि तिथे मूळपुरुष म्हणून बसली आहे एक आरी, म्हणजे भोकं पाडायचा टोच्या.

पॅरिसचे शल्यविशारद द्युपुइत्रां यांनी १८३४ साली एका माणसाच्या जखमांची नोंद केली. त्यानं स्वतःला आरीनं भोसकून घेतलं होतं. आरीचं टोक गोल, पण जखमा मात्र लांबट, चिरेसारख्या. १८६१मध्ये व्हिएन्नाच्या लांगर यांनी हाच प्रकार मृतदेहांवर मुद्दाम केला. कातडीला गोल टोकाची भोकं पाडली, तर ठिकठिकाणच्या चिरा एकीपुढे एक जुळत गेल्या आणि अंगभर रेषांचा नकाशा उमटला. ‘लांगरच्या रेषा’ सर्जनना आजही माहीत असतात. १८९८मध्ये स्वीडनच्या हुल्टक्रांट्झनी आरीचा हा खेळ सांध्यांतल्या कूर्चेवर केला आणि १९२५मध्ये जर्मनीच्या बेनिंगहॉफनी तो हाडावर, कवटीवरही, आणून सोडला.

पण हाडाला टोचणार कसं? आधी ते आम्लात ठेवायचं. आतला चुना निघून गेला की हाड रबरासारखं वाकतं. मग गोल सुई टोचायची, काढायची, भोकावर शाई चोळायची आणि वरची पुसून टाकायची. आत राहते ती शाईची बारीक चीर, कारण तंतू ज्या दिशेला धावतात त्याच दिशेला हाड उकलतं. शेकडो टोचण्यांनंतर गाल, कपाळ, भुवई यांवर काळ्या रेषांचे ओघ दिसू लागतात. संगणकाच्या कितीतरी आधीचं हे कवटीचं चित्र!

इथे आजोळच्या मानासाठी आरीला प्रतिस्पर्धी उभा राहतो तो झुरिकचा. १८६६च्या सुमारास इंजिनिअर कुलमाननी शरीरशास्त्रज्ञ मायर यांच्याकडे मांडीचं उभं कापलेलं हाड पाहिलं आणि त्यातल्या जाळीत त्यांना स्वतःच्या क्रेनमधल्या ताणरेषा दिसल्या, अशी प्रसिद्ध कथा आहे. कुलमानचा शिष्य केश्लां आयफेल टॉवरच्या आराखड्यात होता, म्हणून टॉवर म्हणजे मांडीचं हाड अशी पुडीही कुणीतरी सोडून दिली. कथा झकास आहे, पण ती पायाची. मांडीचं हाड वरून आलेलं ओझं पेलतं, तिथे क्रेन शोभते. कवटी पातळ पत्र्यांची, तिला दहा बाजूंनी स्नायू ओढतात. बेनिंगहॉफनी लेखाच्या मथळ्यातच ‘चपट्या हाडांची रचना’ असं म्हटलं होतं. म्हणजे क्रेन जिथे थकते तिथूनच आरी सुरू होते.

माझ्या बाजूवरचा सर्वांत कडक आक्षेपही सांगतो. १९५३मध्ये टॅपेननी ही रीत चेहऱ्याच्या हाडांवर लावली, आणि वाद पेटला तो असा, की रेषा तंतूंची दिशा सांगतात, भाराची नव्हे. आक्षेप रास्त आहे. १९६६मध्ये जपानच्या एंडोंनी कोरड्या कवट्यांवर ताणमापक चिकटवून भुवईच्या हाडाला चघळण्याचा भार पेलणारी तुळई ठरवलं. १९९१मध्ये हायलँडर आणि सहकाऱ्यांनी जिवंत माकडांच्या भुवईवर मापक लावून त्यांना खाऊ घातलं, तर तिथला ताण अगदीच किरकोळ निघाला. तुळई कोसळली! संगणकावरची कवटी खरी की खोटी हे आज याच मापकांशी ताडून ठरतं. माझ्या मते मापकांची ही हौस आरीच्या भांडणातूनच वाढली. रेषांवर विश्वास बसला असता तर माकडाच्या भुवईला तारा जोडण्याचा खटाटोप कुणी कशाला केला असता?

शिवाय आरी हरली कुठे? हाड तंतूंच्या दिशेला जास्त ताठ, आडवं कमी, हे तिचंच सांगणं. कित्येक मॉडेलांत मात्र सोयीसाठी हाड सगळीकडून सारखंच ताठ धरतात. जीवाश्म तर दगड झालेला, त्याला टोचून चीर पडायची नाही. म्हणून ताठपणाचा आकडा जिवंत प्राण्याकडून, गाईकडून किंवा सुसरीकडून, उसना आणावा लागतो.

विमानाच्या पंखानं बेरीज दिली, पण कशाची बेरीज करायची हा प्रश्न आरीचा. तेव्हा लालभडक कवटी दाखवून कुणी चाव्याचा जोर सांगू लागलं, की एवढंच विचारा: ताठपणा कुठल्या प्राण्याचा घेतलात, आणि कुठल्या दिशेनं?